खाऱ्या पाण्यातून अधिक गोडे पाणी: कोकण किनाऱ्यावर आरओ संयंत्र नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही एप्रिल उजाडला की खाडीकाठच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, पडलेले पाणी जांभ्यातून झरझर उतरून समुद्राला मिळते, विहिरींची पातळी खाली जाते आणि ती पुरेशी खाली गेली की खाडीचे पाणी जमिनीखालून आत सरकून विहीर मचूळ होते. म्हणूनच बंदरावरचे बर्फाचे कारखाने, मासळी प्रक्रिया उद्योग, किनाऱ्यावरची हॉटेले आणि काही ग्रामपंचायतीसुद्धा आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) संयंत्रांकडे, म्हणजे खारे पाणी मेम्ब्रेन या बारीक पडद्यातून दाबाने ढकलून गोडे करणाऱ्या यंत्रणेकडे, वळल्या आहेत. अशा संयंत्राची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या व्यक्तीसाठी हा लेख आहे.

संयंत्र कमी पाणी देऊ लागले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो: रिजेक्टची, म्हणजे उरलेले अधिक खारे पाणी बाहेर सोडणारी, झडप थोडी आवळायची. त्याने प्रवाह मोजणाऱ्या रोटामीटरमधील तरंगता गोळा लगेच वर चढतो आणि चालवणाऱ्याला समाधान वाटते, परंतु काही आठवड्यांतच मेम्ब्रेन चोक होऊन उत्पादन आधीपेक्षाही खाली येते. माझे स्पष्ट मत असे आहे की झडपेला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी येणारे पाणी सुधारावे, मग नोंदींवरून घट नेमकी कुठे होते ते शोधावे, त्यानंतर मेम्ब्रेन धुवाव्यात आणि एवढे करूनही पाणी कमी पडत असेल तरच दाब, रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यापैकी गोडे होणारा वाटा) किंवा मेम्ब्रेनांची संख्या यांचा विचार करावा. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: दाबाचा हिशेब समजून घेणे

मेम्ब्रेनच्या एका बाजूला खारे आणि दुसऱ्या बाजूला गोडे पाणी असेल, तर गोडे पाणी आपणहून खाऱ्या बाजूकडे जाते. ही ओढ थोपवण्यासाठी खाऱ्या बाजूवर जेवढा दाब द्यावा लागतो त्याला परासरण दाब म्हणतात. पाण्यातील दर १,००० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्षारांमागे हा दाब साधारण पाऊण बार भरतो. त्यामुळे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्याला सुमारे २७ बार आणि ३,००० मिलिग्रॅमच्या मचूळ विहिरीला सव्वादोन बार परासरण दाब असतो. पंपाने दिलेल्या दाबातून हा आकडा वजा केल्यावर जे उरते, तेवढ्याच दाबाचे पाणी हाती लागते. समुद्राच्या पाण्यासाठी ५५ ते ७० बारचा पंप लागतो आणि मचूळ पाण्याचे काम ८ ते २० बारमध्ये भागते, ते याच कारणाने.

मेम्ब्रेनमधून झिरपणारे क्षार मात्र पंपाच्या दाबावर अवलंबून नसतात. ते मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंच्या क्षारांमधील फरकाच्या प्रमाणात झिरपतात. म्हणून दाब वाढवला की पाणी जास्त येते, क्षार जवळजवळ तेवढेच येतात आणि तयार पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, कमी होतो. नवख्या माणसाला हे उलटे वाटते, पण दाब वाढल्यावर टीडीएसही वाढत असेल तर दोष मेम्ब्रेनमध्ये किंवा तिच्या जोडावरील ओरिंगमध्ये (रबरी कड्यात) आहे, असे समजावे.

तिसरा आकडा रिकव्हरीचा, म्हणजे आत गेलेल्या पाण्यापैकी किती टक्के गोडे होऊन बाहेर आले त्याचा. रिकव्हरी ५० टक्के असेल तर रिजेक्टमधील क्षार मूळ पाण्याच्या दुप्पट होतात आणि ७५ टक्क्यांना चौपट होतात. समुद्राचे पाणी ४० टक्के रिकव्हरीवर चालवले तर एकापुढे एक जोडलेल्या मेम्ब्रेनांपैकी शेवटच्या मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या पाण्यात सुमारे ५८,००० मिलिग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब ४५ बारच्या आसपास जातो. ५० टक्के केल्यास तो ५५ बारपर्यंत पोहोचतो, म्हणजे ६० बारच्या पंपाखाली शेवटच्या मेम्ब्रेनकडे जवळजवळ काहीच काम उरत नाही. झडप आवळून रिकव्हरी वाढवण्याला मर्यादा का आहे, ते या एका हिशेबात येते. समुद्राच्या पाण्यासाठी ३५ ते ४५ टक्के आणि नीट आखणी केलेल्या मचूळ पाण्याच्या संयंत्रासाठी ६० ते ८० टक्के हा सर्वसाधारण पल्ला आहे.

दुसरी पायरी: येणाऱ्या पाण्याची ओळख करून घेणे

खाडीतून किंवा समुद्रातून थेट पाणी उचलत असाल तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक भिंतीवर लावा. सुकतीला (ओहोटीला) खाडीतील पाण्याचा खारटपणा उतरतो, हे खरे. क्षार ३५,००० वरून २८,००० वर आले तर परासरण दाब पाच बारने कमी होतो आणि हा फायदा मोठा आहे. पण त्याच वेळी चिखल, पालापाचोळा आणि वस्तीचे सांडपाणीही खाडीमुखाकडे येत असते. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेजवळच्या) दिवसांत प्रवाहाचा जोर वाढून तळाचा गाळ ढवळला जातो, तर भांगाच्या (अष्टमीजवळच्या) दिवसांत पाणी तुलनेने निवळ असते. संयंत्राला साठवण टाकी असेल तर भरतीच्या शेवटच्या टप्प्यात, पाणी थोडे स्थिरावलेले असताना टाकी भरून घ्यावी. थोडा जास्त खारटपणा परवडतो, गाळ परवडत नाही. जून ते सप्टेंबर या काळात वाशिष्ठी किंवा सावित्रीसारख्या नद्यांच्या मुखाशी पाणी लाल होते, तेव्हा खाडीतून उचल न करता पर्यायी स्रोतावर जाणेच शहाणपणाचे आहे; त्या दिवसांत गोड्या पाण्याची टंचाईही नसते.

जागा उपलब्ध असेल तर पुळणीलगत (वाळूच्या किनाऱ्यालगत) वाळूत खोदलेली विहीर किंवा बोअर हा उघड्या उचलीपेक्षा कितीतरी चांगला स्रोत ठरतो, कारण वाळूच पहिल्या फिल्टरचे काम करते. मात्र आपल्या पुळणींच्या वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा असल्याने अशा पाण्यात कॅल्शियम बऱ्याचदा जास्त निघते. त्यामुळे गाळाचा त्रास कमी झाला तरी चुन्याचे थर बसण्याची शक्यता वाढते.

जांभ्याच्या जमिनीतील विहिरींचा प्रश्न लोहाचा. विहिरीतून काढलेले पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि टर्बिडिटी मीटरही निर्धास्त आकडा दाखवतो. हेच पाणी पांढऱ्या बादलीत तासाभर उघडे ठेवा. तळाशी नारिंगी साका बसला, पाण्यावर तेलकट दिसणारा पण बोटाने तुटणारा पापुद्रा आला, तर त्यात विरघळलेले लोह आहे. हवेशी संबंध येताच त्याचा गंज होतो आणि तो गंज फिल्टरच्या पुढे, थेट मेम्ब्रेनवर तयार झाला की उत्पादन झपाट्याने उतरते. यावर दोन मार्ग आहेत. एकतर बुडीत पंपापासून मेम्ब्रेनपर्यंत पाण्याला हवा लागूच द्यायची नाही, किंवा आधीच भरपूर हवा देऊन लोहाचा साका करायचा आणि तो वाळूच्या फिल्टरमध्ये अडवायचा. छोट्या संयंत्रासाठी दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण पहिल्या मार्गात सक्शनच्या एका सैल जोडातून आत आलेली हवाही सगळे काम बिघडवते.

तिसरी पायरी: मेम्ब्रेनपर्यंत स्वच्छ पाणी पोहोचवणे

येणारे पाणी मेम्ब्रेनला चालणारे आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. त्यासाठी एसडीआय (सिल्ट डेन्सिटी इंडेक्स) ही गाळाची चाचणी असते आणि तिचे किट महाग नसते. ०.४५ मायक्रॉनच्या, ४७ मिलिमीटर व्यासाच्या गाळणकागदातून २.१ बार दाबाने पाणी सोडायचे, पहिले ५०० मिलिलिटर भरायला किती सेकंद लागले ते नोंदवायचे, पाणी तसेच चालू ठेवायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा ५०० मिलिलिटरचा वेळ घ्यायचा. समजा आधी ३० सेकंद लागले आणि नंतर ७५ सेकंद लागले. ३० ला ७५ ने भागून आलेले ०.४ हे १ मधून वजा केले की ०.६ उरतात, म्हणजे गाळणकागद ६० टक्के चोक झाला. त्याला १५ ने भागले की एसडीआय ४ येतो. ५ च्या वर आकडा गेला तर पाणी मेम्ब्रेनला देऊ नये आणि ३ च्या खाली ठेवता आला तर मेम्ब्रेन धुण्याची पाळी बरीच लांबते. चाचणीनंतर गाळणकागद फेकून देऊ नका. त्यावरचा रंग बोलका असतो: नारिंगी म्हणजे लोह, राखाडी-तपकिरी म्हणजे गाळ, हिरवट आणि बुळबुळीत म्हणजे शेवाळ.

वाळूच्या फिल्टरचे बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणे) घड्याळावर ठरवण्यापेक्षा आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरकावर ठरवावे. बॅकवॉशचे पाणी निवळेपर्यंत सोडावे आणि त्यानंतर लगेच फिल्टर सेवेत न आणता पहिली काही मिनिटे पाणी गटारात जाऊ द्यावे, कारण ढवळलेला साका तेव्हाच पुढे जातो. पाच मायक्रॉनचे कार्ट्रिज फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. धुतलेल्या कार्ट्रिजचे धागे सुटतात, त्यातून बगल देऊन पाणी जाते आणि काही शे रुपये वाचवताना हजारो रुपयांची मेम्ब्रेन खराब होते. हे कार्ट्रिज बदलण्यासाठीच असते.

क्लोरीनबाबत विशेष सावध राहावे. प्रत्यक्ष वापरता येईल अशी पहिली आरओ मेम्ब्रेन १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोएब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवली. ती सेल्युलोज ॲसिटेटची होती आणि थोडे क्लोरीन सहन करत असे. आज सगळीकडे वापरली जाणारी पॉलिअमाइडची मेम्ब्रेन तिच्यापेक्षा खूप जास्त पाणी देते आणि क्षारही अधिक अडवते, पण मोकळ्या क्लोरीनपुढे ती टिकत नाही. पाण्यात ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोरीन सतत राहिले तर तिचा वरचा थर कायमचा खराब होतो आणि धुऊन तो परत येत नाही. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकण्याची पद्धत आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु त्याच विहिरीवर आरओ असेल तर पाणीपुरवठा कर्मचारी आणि संयंत्रचालक यांच्यात बोलणे झालेले असले पाहिजे. क्लोरीन मारण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे एसएमबीएस, डोझिंग पंपाने सोडतात. हिशेबाने १ मिलिग्रॅम क्लोरीनला १.३४ मिलिग्रॅम पुरते, प्रत्यक्षात मात्र ३ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा धरावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पाहण्यासाठी जी ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी करतात, तीच हाय प्रेशर पंपाच्या आधीच्या नमुन्यावर रोज करावी. येथे पिवळा रंग न येणे हाच योग्य निकाल आहे. अर्थात ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासचा हलका पिवळेपणा डोळ्यांना सहज हुलकावणी देतो, म्हणून नमुना पांढऱ्या कागदासमोर धरून पाहावा.

चुन्याचे थर टाळण्यासाठी अँटिस्केलंट साधारण २ ते ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर या मात्रेत देतात. नेमकी मात्रा पाण्याच्या तपासणी अहवालावरून पुरवठादाराकडून काढून घ्यावी. डोझिंग टाकीतील पातळी रोज ठरावीक वेळी मोजपट्टीने पाहणे हाच डोझिंग पंप चालू असल्याचा पक्का पुरावा आहे. पंपाचा दिवा पेटलेला असतो आणि नळीत मात्र हवा अडकलेली असते, असे वारंवार होते.

चौथी पायरी: नोंदवही आणि तापमानाची दुरुस्ती

प्रत्येक पाळीत येणाऱ्या पाण्याचे तापमान, टीडीएस आणि दाब, रिजेक्टचा दाब आणि प्रवाह, तयार पाण्याचा प्रवाह, दाब आणि टीडीएस एवढे आकडे लिहावेत. मेम्ब्रेन नव्या असताना पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेल्या नोंदी जपून ठेवाव्यात, कारण पुढची प्रत्येक तुलना त्यांच्याशीच करायची असते.

मात्र कच्च्या आकड्यांची तुलना फसवते. पाण्याचे तापमान एका अंशाने बदलले की उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी बदलते. समजा ऑक्टोबरात पाणी ३० अंशांवर असताना संयंत्र ताशी १,००० लिटर देत होते आणि जानेवारीत २५ अंशांवर ते ८८० लिटर देऊ लागले. बारा टक्के घट पाहून कोणीही मेम्ब्रेन धुवायला काढेल. पण पाच अंशांच्या फरकाने उत्पादन सुमारे ८७० लिटरवर येणे अपेक्षितच होते. मेम्ब्रेनला काहीही झालेले नाही. धुतल्यास रसायन वाया जाईल आणि मेम्ब्रेनचे आयुष्य विनाकारण घटेल.

मे महिन्यात पाणी गरम असूनही उत्पादन घटते आणि त्याचे कारण ओळखणे अधिक अवघड असते. डिसेंबरात ३,००० मिलिग्रॅम क्षार असलेली खाडीकाठची विहीर मे महिन्यात ६,००० वर गेली, असे समजू. ५० टक्के रिकव्हरीला मेम्ब्रेनच्या बाजूचे सरासरी क्षार ४,५०० वरून ९,००० होतात आणि परासरण दाब साडेतीन बारांवरून पावणेसात बारांपर्यंत चढतो. पंपाचा दाब १२ बारच असेल तर कामाला उरणारा दाब साडेआठ बारांवरून सव्वापाच बारांवर येतो. ही ढोबळमानाने ४० टक्के घट झाली. पाणी उन्हाळ्यात गरम असल्याने त्यातील काही भाग भरून निघतो, तरीही उत्पादन ठळकपणे कमी दिसते. येथे दोष विहिरीचा आहे. अशा वेळी एकाच विहिरीवर सलग आठ-दहा तास पंप लावण्याऐवजी उपसा दिवसभरात विभागून करावा, पंपाची खोली कमी करता येते का ते पाहावे आणि शक्य असल्यास दोन विहिरींवर भार वाटावा. खोलवरचे पाणी अधिक खारे असते आणि जोराने उपसा केला की तेच वर खेचले जाते.

पाचवी पायरी: घट कुठे होते ते शोधणे

तापमान आणि क्षार यांची दुरुस्ती करूनही उत्पादन सुरुवातीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक घटले असेल, तयार पाण्यात झिरपणारे क्षार ५ ते १० टक्क्यांनी वाढले असतील, किंवा आत जाणारा दाब आणि रिजेक्टचा दाब यांतील फरक १५ टक्क्यांनी वाढला असेल, तर धुण्याची वेळ झाली. यांपैकी कोणता आकडा आधी हलला, यावरून कारणाचा माग लागतो.

दाबातील फरक वाढला आणि त्रास पहिल्या मेम्ब्रेनमध्ये असेल तर गाळ, लोह किंवा जिवाणूंचा बुळबुळीत थर संशयित असतो. त्रास शेवटच्या मेम्ब्रेनपासून सुरू झाला, तिच्या तयार पाण्याचा टीडीएस चढला आणि मेम्ब्रेन हातात घेतल्यावर जड लागली, तर चुन्याचे थर बसले आहेत, कारण क्षार सर्वांत दाट तिथेच असतात. उत्पादन वाढले आणि टीडीएसही वाढला, तर आनंद मानू नये. बहुधा क्लोरीनने मेम्ब्रेन खाल्ली आहे. फक्त टीडीएस एकाएकी उडी मारून वाढला असेल तर आधी जोडणीचे ओरिंग तपासावेत. दोन-चार रुपयांचे रबर तुटल्यामुळे मेम्ब्रेनचा अख्खा संच बदलला गेल्याची उदाहरणे आहेत. शंका असल्यास वेसलच्या (मेम्ब्रेन ज्या दाबनळीत बसवलेल्या असतात तिच्या) तयार पाण्याच्या नळीतून बारीक नळी आत सरकवत ठरावीक अंतरांवर नमुने घ्यावेत. ज्या जागी टीडीएस अचानक वाढतो, तिथला जोड किंवा मेम्ब्रेन दोषी असते. मेम्ब्रेनच्या बाहेरचे ब्राइन सील नावाचे रबरी कडे पाणी आत येते त्या टोकाला आणि त्याच दिशेला तोंड करून बसवलेले आहे ना, हेही उघडल्यावर पाहून घ्यावे. ते उलटे बसले तर पाणी मेम्ब्रेनच्या आतून न जाता बाहेरून निसटते.

सहावी पायरी: मेम्ब्रेन धुणे

धुण्याचे द्रावण नेहमी आरओच्या तयार पाण्यातच बनवावे. कॉस्टिक सोड्याचे द्रावण कठीण पाण्यात केले तर त्यातच चुना तयार होतो आणि धुणे हेच मेम्ब्रेन चोक होण्याचे कारण ठरते. जिवाणूंचा थर आणि सेंद्रिय घाण यांसाठी अल्कली वापरतात, तर चुना आणि लोह यांसाठी आम्ल वापरतात. दोन्ही करायचे असेल तर अल्कली आधी आणि आम्ल नंतर हा क्रम ठेवावा. आम्ल आधी दिल्यास सेंद्रिय थर आणखी घट्ट बसतो. फक्त चुना किंवा लोहच आहे याची खात्री असेल तेव्हाच थेट आम्लाने सुरुवात करावी.

शंभर लिटर पाण्याला १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा हे अल्कलीचे सर्वसाधारण प्रमाण असून पीएच १२ च्या वर जाऊ देऊ नये. आम्लासाठी शंभर लिटरला दोन किलो सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, पुरते. त्याचा पीएच २ च्या जवळ असतो. द्रावणाचे तापमान ३० ते ३५ अंश असावे. चार इंची वेसलला ताशी सुमारे दोन घनमीटर प्रवाह द्यावा आणि दाब चार बारच्या आत ठेवावा, कारण आपल्याला द्रावण मेम्ब्रेनमधून ढकलायचे नसून तिच्या पृष्ठभागावरून घासून न्यायचे असते. पहिले गढूळ पाणी फेकून द्यावे, अर्धा तास फिरवावे, तासभर भिजत ठेवावे आणि पुन्हा फिरवावे. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये, आणि हातमोजे व चष्मा यांच्याशिवाय टाकीजवळ जाऊ नये. शेवटी तयार पाण्याने स्वच्छ धुतल्यानंतरच संयंत्र पिण्याच्या टाकीला जोडावे.

सातवी पायरी: आता उत्पादन वाढवणे

एवढे झाल्यानंतर वाढीचा विचार करण्यात अर्थ आहे. पहिला आणि जवळजवळ फुकटचा उपाय असा, की तयार पाणी उंच टाकीत थेट चढवू नये. दहा मीटर उंचीवरची टाकी म्हणजे तयार पाण्याच्या बाजूला एक बारचा विरोध. मचूळ पाण्याच्या संयंत्रात कामाला येणारा दाब साडेआठ बार असेल तर त्यातला बारा टक्के भाग इथेच जातो. शिवाय पंप बंद पडताच हा दाब मेम्ब्रेनला मागून ढकलतो आणि तिचे चिकटवलेले थर सुटू शकतात. तयार पाणी जमिनीलगतच्या टाकीत मोकळेपणाने पडू द्यावे आणि तिथून वेगळ्या छोट्या पंपाने वर चढवावे.

दुसरा उपाय दाब वाढवण्याचा. तो वाढवताना मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून ताशी किती लिटर निघतात, याकडे लक्ष ठेवावे. उघड्या उचलीच्या समुद्राच्या पाण्याला १२ ते १७ लिटर आणि चांगल्या विहिरीच्या मचूळ पाण्याला २० ते ३० लिटर हा पल्ला सुरक्षित मानतात. चार इंची, चाळीस इंच लांबीच्या मेम्ब्रेनचे क्षेत्र सुमारे ७.९ चौरस मीटर असते. अशा चार मेम्ब्रेन २२ लिटरच्या दराने ताशी जवळपास ७०० लिटर देतात. याच चारांकडून हजार लिटर मागितले तर काही दिवस मिळतील, पण घाणही त्याच वेगाने मेम्ब्रेनवर खेचली जाईल. अशा वेळी दोन मेम्ब्रेन वाढवणे हाच स्वस्त मार्ग ठरतो. खर्च एकदाच होतो आणि दाब कमी लागल्यामुळे विजेच्या बिलातही फरक पडतो.

तिसरा उपाय रिकव्हरीचा, म्हणजे ज्या झडपेपासून लांब राहायला सांगितले तिचा. चार इंची मेम्ब्रेनमधून रिजेक्टच्या बाजूला ताशी किमान ०.७ घनमीटर पाणी वाहते राहिले पाहिजे, नाहीतर पृष्ठभागालगत क्षारांचा दाट थर साचतो आणि तिथला परासरण दाब प्रत्यक्ष टीडीएसवरून दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. चार मेम्ब्रेन एकापुढे एक असतील, तयार पाणी ७०० लिटर असेल आणि रिजेक्टही ७०० लिटर ठेवावे लागत असेल, तर रिकव्हरी ५० टक्क्यांच्या पुढे नेण्यास वाव नाही. पुढे जायचे असेल तर मांडणी बदलावी लागते. दोन वेसल समांतर ठेवून त्यांचे रिजेक्ट तिसऱ्या वेसलमध्ये सोडणे हा चांगला पर्याय आहे. रिजेक्टचा काही भाग पुन्हा पंपाच्या तोंडाशी आणणे हा सोपा पर्याय आहे. त्याने प्रवाह टिकतो, मात्र आत जाणारे पाणी अधिक खारे होऊन तयार पाण्याचा टीडीएस चढतो. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या मानकानुसार ५०० मिलिग्रॅम टीडीएस ही स्वीकार्य मर्यादा आहे, तेव्हा मचूळ पाण्याच्या संयंत्रात थोडा टीडीएस वाढलेला चालतो, समुद्राच्या पाण्यात तेवढी मोकळीक नसते.

पाणी तापवून उत्पादन वाढवण्याचा मोह कोकणातल्या उन्हात सहज होतो. काळ्या टाकीत आणि उघड्यावरच्या पाइपात दुपारी पाणी कढत होते आणि रोटामीटर खूश करतो. पण क्षारही अधिक झिरपतात, जिवाणू फोफावतात आणि ४५ अंश ही बहुतेक मेम्ब्रेनांची वरची मर्यादा फार लांब राहत नाही. टाकीवर सावली करावी, हे माझे मत.

समुद्राच्या पाण्याचे संयंत्र असेल तर विजेचा हिशेबही उत्पादनाचाच भाग समजावा. ६० बार दाब आणि ३५ टक्के रिकव्हरी असताना, पंप व मोटर मिळून ८० टक्के कार्यक्षम धरले तरी एक घनमीटर गोड्या पाण्याला सुमारे सहा युनिट वीज लागते. त्यातील जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा दाबाखालच्या रिजेक्टबरोबर वाहून जाते. ती परत मिळवणारे प्रेशर एक्स्चेंजर बसवलेली मोठी संयंत्रे तीन ते चार युनिटमध्ये काम भागवतात. चेन्नईजवळ मिंजूर आणि नेम्मेली येथे दररोज प्रत्येकी दहा कोटी लिटरची संयंत्रे आहेत, आणि मुंबई महानगरपालिकेने मनोरीला दिवसाला वीस कोटी लिटरचा प्रकल्प आखला आहे. त्या आकारात अशी यंत्रणा गृहीतच धरतात. ताशी हजार लिटरच्या संयंत्राला मात्र ती परवडते की नाही, हे विजेचा दर आणि वर्षातील चालण्याचे तास मांडूनच ठरवावे.

रिजेक्ट कुठे सोडता, याचाही उत्पादनाशी थेट संबंध आहे. ते विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात सोडले तर फिरून आपल्याच विहिरीत येते आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी आणखी खारे मिळते. कांदळवनात किंवा तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांच्या जागी सोडणे तर कायद्यानेही अडचणीचे आहे. किनाऱ्यालगतच्या अशा कामासाठी सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांची चौकशी संयंत्र वाढवण्याआधीच करावी.

आठवी पायरी: बंद ठेवताना

पावसाळ्याच्या तोंडावर वीज दिवसातून अनेकदा जाते. हाय प्रेशर पंप अचानक थांबला की दाट खारे पाणी मेम्ब्रेनमध्ये तसेच उभे राहते आणि गोडे पाणी मागे शोषले जाते. म्हणून तयार पाण्याची एक छोटी टाकी थोड्या उंचीवर ठेवून, वीज गेल्यावर आपोआप उघडणाऱ्या झडपेतून ते पाणी मेम्ब्रेनवरून वाहून जाईल अशी सोय करावी. पंप पुन्हा सुरू करताना दाब सावकाश चढवावा. धक्क्याने मेम्ब्रेनचे गुंडाळलेले थर दुर्बिणीच्या नळ्यांसारखे बाहेर सरकतात.

हॉटेलासारखे हंगामी संयंत्र जूनपासून बंद राहणार असेल तर आधी मेम्ब्रेन धुवाव्यात, नंतर तयार पाण्यात एक टक्का एसएमबीएसचे द्रावण करून वेसल पूर्ण भरावीत आणि हवा आत येणार नाही अशा झडपा बंद कराव्यात. दर महिन्याला द्रावणाचा पीएच पाहावा आणि तो ३ च्या खाली गेला तर द्रावण बदलावे. दसऱ्याच्या सुमारास संयंत्र पुन्हा सुरू करताना पहिला तासभर तयार पाणी आणि रिजेक्ट दोन्ही गटारात सोडावे, टीडीएस स्थिर झाल्यावर नोंदवहीच्या नव्या पानावर तापमानासह सगळे आकडे लिहावेत आणि मगच पाणी टाकीत वळवावे.